जपूनरावांचं कोणाला पटेना

"आज अर्ध्या तासात सगळ्यांना पटवून मोकळा होतो!" जपूनरावांनी कंपनीच्या मालकीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं आणि ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीचं दार लावून घेतलं.

जपूनराव सॉफ्टवेअर कंपनीचे अर्थप्रमुख. हे नाव गुंतवणूकदारांनीच ठेवलेलं. दर तिमाहीला फोनवरून सगळ्यांना नफ्याचा पुढचा अंदाज सांगायचा, आणि तो मुद्दाम कमी सांगायचा, म्हणजे नंतर जास्त निघाला की शाबासकी! वर्षानुवर्षं हेच चाललेलं. त्यामुळे त्यांनी 'कठीण आहे' म्हटलं रे म्हटलं, की लोक शेअर घ्यायला धावत. या वेळी पंचाईत अशी, की खरंच कठीण होतं. आज कोणाला पटलं नाही, तर तीन महिन्यांनी शेअर आपटणार, लोक त्यांच्या नावाने खडे फोडणार आणि नोकरी जाणार.

"पुढची तिमाही वाईट जाईल," ते फोनवर म्हणाले.

"नेहमीसारखीच ना?" एक फंडवाल्या बाई हसल्या.

"नाही हो! आमचा सगळ्यात मोठा ग्राहक सोडून चाललाय!"

"म्हणजे त्याहून मोठा गळाला लागलाय!" एक म्हातारे गुंतवणूकदार खूश झाले.

"कोणीही लागलेला नाही! नवी भरतीसुद्धा बंद केलीय!"

"खर्चात बचत! वा!"

समोरच्या पडद्यावर शेअर चढू लागला. जपूनरावांना घाम फुटला. ते जितके रडकुंडीला येत, तितका शेअर चेकाळत होता. बाहेरून मालकीणबाईंनी काचेतूनच कोपरापासून हात जोडले.

शेवटी जपूनरावांचा बांध फुटला. "अहो, मुलीला मी फोनवर सांगतो, 'मजेत आहे, रजा काढून येऊ नकोस.' धडधडीत खोटं! पण तिला ते पहिल्या फटक्यात पटतं! बायको गेल्यापासून एका माणसाचा स्वयंपाक करतो आणि तोही उरतो. बोलायला भिंती! तुम्ही निदान प्रश्न तरी विचारता, म्हणून मी तीन-तीन महिने या कॉलची वाट बघतो. आणि आज खरं सांगतोय, तर तुमचा विश्वास नाही!"



"हे मात्र पटलं बुवा," म्हातारे हळूच म्हणाले.

"विका! आधी विकून टाका!" फंडवाल्या बाई त्यांच्याकडच्या कोणावर तरी ओरडल्या.

मग भराभर एकेक जण फोन ठेवू लागला. शेअर गडगडत खाली आला आणि जपूनरावांना हायसं वाटलं. अब्रू वाचली, नोकरीही वाचली. पण इतकं मोकळं बोलल्यावर लगेच उठवेना. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"हॅलो? अजून कोणाचा काही प्रश्न? कसलाही चालेल!"

फोनमधून ध्वनिमुद्रित बाई गोड आवाजात म्हणाल्या, "या कॉलवर सध्या आपण एकटेच आहात."

"सध्याचं बरोबर आहे, बाई," जपूनराव म्हणाले. "पुढचा अंदाज मात्र मी देणार नाही!"