कालच्या ताकाचा पांढरा

आमचे सोपानआप्पा कुणाला नमस्कार करत नसत. सकाळी कंपनीच्या गेटमधून आत आले की समोर येईल त्याच्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि त्याचा त्या दिवसाचा रंग जाहीर करायचे. वॉचमनला म्हणायचे, "आज गाभुळलेल्या चिंचेवर आलाय. झोप न्हाई झाली व्हय?" कॅन्टीनच्या मावशींना, "मावशी, आज कोवळ्या हळदीवर. लेक आली वाटतं माहेराला." आणि लेक खरंच आलेली असायची. एकदा तर त्यांनी मॅनेजरसाहेबांना भर जिन्यात अडवलं आणि सांगितलं, "साहेब, आज पार विटकरीवर हाय तुम्ही. गोळी घ्या." साहेबांनी निमूटपणे ब्लडप्रेशरची गोळी घेतली.

मला मात्र ते रोज एकच रंग सांगायचे. "विन्स्पेक्टरसाहेब, कालच्या ताकावर."

सात वर्षं मी कालच्या ताकावर होतो. नवीन शर्ट घातला तरी, दाढी केली तरी. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना बघितलं की माझ्या पोटात काहीतरी आंबायचंच.

आमची कंपनी शिरूरजवळ, हायवेपासून आत. आम्ही शाम्पूच्या बाटल्यांची झाकणं बनवतो. यात सांगण्यासारखं काही नाही असं तुम्हाला वाटेल, पण मशिनमध्ये पांढरा रंग संपवून गुलाबी सुरू केला की मधली शे-दोनशे झाकणं धड पांढरीही नसतात आणि धड गुलाबीही नसतात. ती चांगल्या मालात मिसळली की गिऱ्हाईक सगळा माल परत पाठवतं. ती निवडून काढणं हे आमच्या खात्याचं काम. खात्यात माणसं दोन. एक मी, प्लॅस्टिकचा डिप्लोमा केलेला, हातात छापील रंगपट्टी असलेला इन्स्पेक्टर. दुसरे आप्पा, इनामगावचे, सातवी नापास, हातात काहीच नसलेले.

आप्पा उत्तरेकडच्या खिडकीपाशी स्टुलावर बसायचे. समोर झाकणांचा ढीग. बोटं ज्वारीतले खडे निवडावेत तशी चालायची आणि तोंडानं रंगांची नावं. "साय. साय. साय. रुसलेली साय, व्हा बाजूला. साय. ह्ये बघा, बाभळीचं फूल घुसलंय." मी रंगपट्टी घेऊन एकेक झाकण जुळवत बसायचो. माझं एक होईपर्यंत त्यांची चाळीस व्हायची. मी पट्टीवरचा नंबर सांगितला की ते म्हणायचे, "डोळा सांगतोय तवर कागुद कशाला?" हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं असेल की आमच्या घरी माझी बायकोसुद्धा ते वापरायला लागली.

ही नजर आली कुठून, तर म्हणे लहानपणी इनामगावला पुण्याची माणसं जुनी वसाहत खणत होती, तेव्हा हे तिथं पडीक असायचे. मातीतून निघालेल्या खापरांचे तुकडे चादरीवर पसरलेले असायचे, आणि हा पोरगा तांबडं तांबड्याला आणि काळ्या नक्षीचं काळ्या नक्षीला लावून द्यायचा. "तीन हजार वर्सांमागचा तांबडा बघितलाय म्या," असं आप्पा सांगायचे, "आन् तुमी मला कंपनीचा तांबडा दावताय." माझ्या डिप्लोमाला जेमतेम अकरा वर्षं झाली होती.

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात एकदा आम्ही बरोबर गेलो. एका आजीबाईंचे टोमॅटो बघून आप्पांना राहवलं नाही. बसले तिथंच उकिडवे आणि लावले ओळीनं, आज खायचे, उद्याचे, परवाचे. तासाभरात आजीबाईंची पाटी रिकामी. मग शेजारचा वांगीवाला हाका मारायला लागला, त्याच्यापलीकडची मिरचीवाली हाका मारायला लागली. निघताना आप्पांच्या पिशवीत कोथिंबिरीच्या चार जुड्या आपोआप आल्या होत्या. माझ्या हातात मी स्वतः निवडलेले टोमॅटो होते, ते घरी जाईपर्यंत पिशवीत फुटले. मेव्हण्याच्या लग्नातली साडीसुद्धा बायकोनं आप्पांना विचारून घेतली. मी निवडलेली साडी आप्पांनी बघितली आणि नुसतं "बरी हाय" म्हणाले. ती साडी आजही कपाटात आहे. आता सांगा, माणसानं जळावं का नको?

तर अशात मशिन आलं.

छोटंसंच होतं. एक पट्टा, पट्ट्याच्या वर एक डबी, डबीला बटणाएवढी काच. झाकण पट्ट्यावरून त्या काचेखाली आलं की काच त्याच्यावर उजेड टाकते, परत आलेला उजेड मोजते आणि रंग ओळखते. रंग चुकीचा असला की बाजूची नळी हवा मारते आणि झाकण टोपलीत. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि सरळच सांगितलं, "आता इथं एकच माणूस लागेल. दिवाळीपर्यंत बघू. जो या मशिनला सांभाळेल तो इथं राहील, दुसऱ्याला दौंडच्या स्टोअरला जावं लागेल."

माझं घर शिरूरला, मुलगी तिथल्या शाळेत, आई आजारी. दौंड म्हणजे रोज दोन गाड्या बदलून जाणं. पण हे सगळं मी नंतर आठवलं. केबिनच्या बाहेर पडताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, आता म्हातारा जाईल. मशिनचं पुस्तक इंग्रजीत होतं.

आप्पांनी पहिल्या दिवसापासून मशिनशी सवत आल्यासारखा दावा मांडला. नाव ठेवलं 'बाईसाहेब'. स्टूल वळवून तिच्याकडे पाठ करून बसायचे आणि दर पाच मिनिटांनी मान मागं वळवायचे. जेवणाच्या सुट्टीत कुणी नाही असं बघून पट्ट्यावर काहीबाही ठेवायचे. एकदा गुळाचा खडा ठेवला, एकदा शेंगदाणा. एकदा भाकरीचा तुकडा ठेवला तर बाईसाहेबांनी तो फुर्रकन उडवला. आप्पा ताडकन उभे राहिले. "अन्नाला फुंकर मारती! काय वळण हाय का न्हाई?" तुकडा उचलून कपाळाला लावला आणि स्टूल आणखी दोन हात लांब सरकवलं.

मी मनातून खूश होतो. त्यांना जळताना बघून मला गार वाटायचं. सात वर्षांनी जागा बदलली होती.

पण माझं नशीब बघा. मशिनला पांढरं आणि हस्तिदंती यातला फरक कळेना. असं झालं की त्याला शिकवावं लागतं. नमुन्याचं झाकण काचेखाली धरायचं, बटण दाबायचं, मग ते तोच रंग लक्षात ठेवतं. मी रंगपट्टीला तंतोतंत जुळणारं झाकण धरलं. मशिन अर्धा चांगला माल उडवायला लागलं. दुसरं धरलं, तर सगळंच पास करायला लागलं. पुण्याहून इंजिनियर आला, त्यानं लॅपटॉप लावला, दोन दिवस चहा प्यायला. शेवटी आप्पा पाठीमागून येऊन उभे राहिले.

"तुमी लई गोरी पोरगी दावताय तिला," ते म्हणाले. "घरातली सरासरीची दावा की."

आणि ढिगापाशी बसून अर्धा तास झाकणं खालीवर करून त्यांनी एक उचललं. "ही घ्या. ही मधली हाय." इंजिनियरनं ते धरून बटण दाबलं. त्यानंतर मशिननं एक झाकण चुकवलं नाही. इंजिनियर आप्पांच्या पाया पडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईसाहेबसुद्धा त्यांचंच ऐकतात म्हणजे काय! आणि त्या दिवसापासून आप्पांची पाठ वळली. स्टूल मशिनकडे तोंड करून आलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं धुऊन पुसून त्यांची पूजा होते. मोठ्या मशिनपुढं साहेब नारळ फोडतात, मग ज्यानं त्यानं आपापल्या कोपऱ्यातलं यंत्र पुजायचं. आमच्या कोपऱ्यात आम्ही दोघंच. आप्पांनी इनामगावहून झेंडूची फुलं आणली होती. सगळी एकाच छटेची, एकही फूल इकडचं तिकडं नाही. रात्रभर निवडली असणार. तो हार त्यांनी मशिनला असा हळूच घातला की मला बघवेना. हार यांचा, आता हळदकुंकूही यांचंच होणार. मी पुढं झालो, ताट त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतलं आणि अंगठ्यानं मशिनला ठसठशीत कुंकू लावलं. डबीच्या बरोबर मध्यावर.

काचेवर.

पुस्तकात चौथ्या पानावर जाड अक्षरात लिहिलं होतं की काच स्वच्छ ठेवावी. ते पुस्तक मला पाठ होतं. पण मन जळत असलं की डिप्लोमा काय कामाचा? आप्पांनी काचेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणालो, "आता हे पण तुम्हीच शिकवणार का मला?" त्यांनी तोंड मिटलं.

दसऱ्यानंतर कंपनी उघडली तेव्हा आप्पा गावाकडे रजेवर होते. मशिन सुरू केलं तर ते सगळाच माल उडवायला लागलं. मला वाटलं, सेटिंग गेलं. मी पांढरं झाकण धरून पुन्हा बटण दाबलं. मशिन शांत झालं. मीही खूश, आप्पांशिवाय जमलं. तांबड्या काचेतून पांढरं आणि फिकं गुलाबी सारखंच दिसतं, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी गिऱ्हाइकाकडून गाडी परत आली आणि प्रत्येक खोक्यात पांढऱ्यांच्या मधे गुलाबी झाकणं निघाली.

आप्पा त्या सकाळीच रजेवरून परतले होते. दुपारी पुण्याहून पुन्हा इंजिनियर आला, त्यानं काचेवरून कापसाचा बोळा फिरवला. बोळा लाल झाला. साहेब आमच्याकडे वळले. "कुंकू कोणी लावलं?"

मी हातातल्या रंगपट्टीकडे बघायला लागलो. सगळे कामगार आप्पांकडे बघत होते. बाईसाहेबांवर कोण जळत होतं, हार कोणी आणला होता, सगळ्यांना माहीत होतं. आप्पा माझ्याकडे बघत होते. डोळे बारीक करून, रोज सकाळी बघायचे तसे.

"म्याच लावलं, साहेब," ते म्हणाले. "नवी आलीया घरात. कुक्कू नगं व्हय तिला?"

"आणि काचच लाल असल्यावर हा बिचारा तरी काय करणार," साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. त्या आठवड्यात आप्पांची दौंडला बदली झाली.

शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टँडवर गाठलं. "आप्पा, का केलंत असं?"

"तुमचा रंग गेल्ता वो," ते म्हणाले. "पार धुतलेल्या फडक्यावर आल्ता. मला बघवंना." मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आन् माझं काय? इनामगावला दार उघडाया मीच आन् लावाया बी मीच. मंडळी गेल्यापासनं दिवसाकाठी माज्याशी भांडनारं एकच मानूस. त्ये बी हितंच सोडून चाललोय, येवढंच वाईट वाटतंय."

गाडी आली आणि ते चढले. साहेबांना खरं सांगायला मी दोनदा केबिनपर्यंत गेलो. पहिल्यांदा साहेब फोनवर होते. दुसऱ्यांदा मोकळे बसले होते, तरी मी परत आलो.

आता त्या कोपऱ्यात मी आणि मशिन. रोज सकाळी काच पुसतो. मशिन एकही झाकण चुकवत नाही, ते मधलं झाकण मी टेबलाच्या खणात जपून ठेवलंय. पण नऊ वाजता मी कशावर आलोय ते सांगायला कुणी नाही. हे असं चुकल्यासारखं वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

दिवाळीनंतर एका सुट्टीच्या दिवशी न राहवून दौंडला गेलो. स्टोअर त्या दिवशी चालू होतं. आप्पांनी प्लॅस्टिकच्या दाण्यांच्या सगळ्या गोण्या छटेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. शेजारी टेबलावर तिथले क्लार्क बसले होते. आप्पांनी ओळख करून दिली, "हे आमचे बबनराव. आज तुरीच्या डाळीवर हायती. काल जरा उतरले होते, आज बरे हायती." बबनराव कौतुकानं हसले. दोघांनी एका डब्यातली चटणी खाल्लेली दिसत होती.

मी तिथं उभा राहून त्या बबनरावांवर असा जळलो, असा जळलो की बाईसाहेबांवर आप्पाही जळले नसतील.

"आणि मी?" मी विचारलं. माझा आवाज लहान मुलासारखा निघाला. "मी कशावर आलोय?"

आप्पा उठले. मला दंडाला धरून दाराशी उजेडात नेलं, झाकण फिरवावं तसं हनुवटीला धरून माझं तोंड इकडं वळवलं, तिकडं वळवलं. बराच वेळ बघितलं.

"ताकच हाय," ते म्हणाले. "पन आजचं."