बखर विरजणाच्या खोक्याची

॥ श्री ॥ ज्याच्या कृपेनें खोक्याचा तळ फाटत नाहीं, चिकटपट्टीचें टोंक नखास सांपडतें, आणि जिन्याच्या वळणावर अडलेलें कपाट निघतें, त्या गजाननास साष्टांग नमस्कार घालून हा मजकूर लिहिला असे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, माघ शुद्ध सप्तमी, वार रविवार, ते दिवशीं एक राज्य एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागीं ठेविलें. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण दारावरची पाटी खिळा न मिळाल्यामुळें अद्याप लागली नाहीं.

त्या राज्याचे अधिपती श्रीमंत नीळकंठराजे. राज्य लहान, दोन खोल्या आणि एक सज्जा, परंतु स्वयंपाकघर वेगळें, त्यामुळें नातेवाइकांत धाक होता. गड भाड्याचा. गडाच्या धन्यासीं अकरा महिन्यांचा तह होता, आणि तो तह नऊ वेळां वाढवून घेतला, आणि दहावे वेळीं धन्यानें कळविलें कीं चिरंजीवांचें लग्न ठरलें, गड रिकामा करावा. मग लढाई करावी कीं खोकीं जमा करावीं, ऐसा प्रश्न राजे यांनीं दरबारीं मांडिला. दरबारीं राणीसाहेब सगुणाबाई भाजी निवडीत होत्या, त्या बोलिल्या, "लढाईला माणसं लागतात. खोकी वाण्याकडे मागितली की मिळतात." तेव्हां खोकीं ठरलीं. मग वाण्याकडून साबणाचीं, औषधवाल्याकडून सलाइनचीं, आणि राजे यांनीं थोरला टीव्ही घेतला तेव्हां माळ्यावर टाकिलेलें त्याचें खोकें, ऐसीं एकूण बासष्ट खोकीं गडावर चढलीं, आणि पंधरा दिवस राज्यांत पाय ठेवावयास जागा उरली नाहीं.

राणीसाहेब यांचा बांधाबांधीचा शिरस्ता उत्तम होता. जड जिन्नस लहान खोक्यांत आणि हलका मोठ्यांत. बशा आडव्या न रचितां उभ्या, दोन बशांमध्यें वर्तमानपत्र. काचेचे पेले राजे यांच्या मोज्यांत. तळास चिकटपट्टी दुहेरी, उभी आणि आडवी. आणि चहा, साखर, गाळणें, कातर हें उतरतांच लागेल म्हणून वेगळ्या खोक्यांत, तें खोकें स्वतःच्या मांडीवर. राजे यांचा शिरस्ता निराळा. त्यांनीं घरांतील सर्व ग्रंथ टीव्हीच्या एकाच खोक्यांत भरिले, कारण विद्येची फाळणी करूं नये. आणि कोणत्या खोक्यांत काय आहे तें सुंदर अक्षरांत लिहिलें, परंतु झांकणावर लिहिलें, सबब खोक्यावर खोकें चढतांच सर्व राज्याचें रूपांतर गुपितांत जाहलें. राणीसाहेब बोलिल्या, "अहो, बाजूला लिहा." राजे बोलिले, "मथळा नेहमी वर असतो." हा 'वर' शब्द ध्यानीं ठेवावा. पुढें यानेंच घात केला.

आतां राज्यांतील मुख्य ऐवज सांगणें आहे. राजमाता वेणूबाईसाहेब यांजपाशीं विरजण होतें. आजेसासूबाईंपासून चालत आलेलें, कालच्या दह्यांतून आजचें आणि आजच्यांतून उद्यांचें, एक दिवसाचा खंड नाहीं. राजे यांच्या वंशावळींत दोन ठिकाणीं दत्तक आहे, विरजणांत एकही नाहीं. मग राजमातांनीं फिरकीच्या डब्यांत दही भरून तो डबा राजे यांचे हातीं दिला आणि बोलिल्या, "निळू, राज्य मागनं आलं तरी चालेल. हा डबा आडवा होता कामा नये. विरजण तुटलं, तर मी त्या नव्या जागेचा उंबरठा ओलांडायची नाही. इथंच जिन्यात बसेन." राजे बोलिले, "आई, इथला जिना तर सोडायचा आहे." "मग तिथल्या जिन्यात बसेन." मग राजे यांनीं बिस्किटांचें एक बळकट खोकें निवडिलें, त्यांत डबा उभा ठेविला, भोंवतीं टॉवेल कोंबिले, आणि खोकें उलटें होऊं नये म्हणून चारही बाजूंस बोटभर जाड अक्षरांत 'वर' ऐसें लिहून शेजारीं आकाशाकडे बाण काढिला. अक्षर इतकें सुबक आलें कीं अर्थाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

मग सप्तमीचा दिवस उगवला. ते दिवशीं सूर्यनारायण सात घोड्यांच्या रथांत बसतात, आणि राज्यास टेंपो आला. टेंपोबरोबर हमालांचे सरदार खंडोजी ढमाले आणि त्यांचे चार गडी. सरदारांनीं टीव्हीचें खोकें हालवून पाहिलें, मग खोक्याकडे आणि मग राजे यांजकडे पाहिलें आणि पुसिलें, "सरकार, यात विहीर भरलीया का?" राजे यांस राग आला. "बाजूला व्हा," म्हणून पुढें जाहले. सरदार बोलिले, "गुडघं वाकवा, सरकार. कंबर नका वाकवू. वझं छातीशी धरा." राजे बोलिले, "आमचे पूर्वज कुणापुढं वाकले नाहीत." "म्हनूनच सांगतोय. पूर्वजांचं ऱ्हाऊ द्या, तुमी वाका." राजे वाकले, परंतु कंबरेंत. तेव्हां मोठा आवाज जाहला. खोक्याचा तळ फाटला कीं राजे यांची कंबर गेली, याविषयीं दोन पाठ आहेत. तपासाअंतीं दोन्ही खरे निघाले. ग्रंथ तिसऱ्या मजल्यापासून पहिल्यापर्यंत जिन्यानें स्वतः चालत गेले, आणि राजे यांस उसण भरून ते जेथें वाकले तेथेंच तैसे राहिले. मग त्यांस गादीवर आडवें करून टेंपोंत घातलें, वरून सैल दोर बांधिला, आणि छातीवर सरदारांनीं 'नाजूक' ऐसी चिठ्ठी चिकटविली. ही स्थलांतराची सुरक्षा.

नवा गड चार मजल्यांचा, राज्याची जागा दुसऱ्या मजल्यावर. परंतु दाराशीं किल्लेदार उभे, त्यांस लोक सोसायटीचे सेक्रेटरी म्हणत. किल्लेदारांनीं फर्मान वाचिलें कीं लिफ्ट माणसांसाठीं आहे, मालासाठीं नाहीं. मग राजे यांची गादी पुढें आणिली. किल्लेदारांनीं चिठ्ठी वाचिली, पुन्हा वाचिली, आणि 'नाजूक' लिहिलें आहे सबब हा माल, ऐसा निवाडा दिला. त्यामुळें राजे पार्किंगांत राहिले. मग गड्यांनीं एका प्रहरांत खोकीं जिन्यानें वाहिलीं आणि तीं दुसऱ्या मजल्यावर भिंतीसारखीं रचिलीं. राणीसाहेब यांनीं मोजिलीं तों एकसष्ट. पुन्हा मोजिलीं तों एकसष्ट. मग बिस्किटांचें खोकें धुंडाळिलें तों तें कोठेंच नाहीं, आणि मथळे झांकणांवर असल्यामुळें कोणतें खोकें काय बोलतें तें कळेना.

ही खबर खालीं पोंचली. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशीं टेंपोंतून सुटे आणिलेल्या ग्रंथांचा ढीग पडिला होता, त्याजवर राजमाता पदर सावरून बसल्या. नव्या गडावर चूल प्रथम घरच्या वडील बाईनें पेटवावी आणि दूध उतूं जाऊं द्यावें, ऐसा रिवाज. वडील बाई जिन्यांत, सबब चूल थंड, सबब चहा नाहीं. मांडीवरून जपून आणिलेलें चहाचें खोकें राणीसाहेब यांजकडे पाहत राहिलें. राजे गादीवरून बोलिले, "आई, बाजारातून दुसरं दही आणू." राजमाता बोलिल्या, "बाजारातून दुसरी आईपण आण." त्या वेळीं राजे यांस प्रथम समजलें कीं राजधानी नकाशावर हालली, परंतु घर अद्याप पायरीवर बसलें आहे, आणि तें उठेल कीं नाहीं हें एका डब्यावर आहे.

मग सरदारांस हजर केलें. राणीसाहेब यांनीं पुसिलें, "खंडोजी, बिस्किटाचं खोकं कुठं ठेवलंत?" "वर." "वर म्हणजे?" "त्याच्यावर वर लिवलं हुतं, म्हून वर न्हेलं." "कुठवर?" सरदार बोलिले, "बाण सरंना की, बाईसाहेब! दुसऱ्या मजल्याव बघितलं, बाण वर. तिसऱ्याव बघितलं, बाण वरच. चवथ्याव एक दार आलं, त्याच्या वर पान्याची टाकी. म्हनलं, टाकीत तर नसंल. ठिवलं दारात." हें ऐकतांच राजमाता उठल्या. त्या माणूस असल्यामुळें राणीसाहेब यांस घेऊन लिफ्टमध्यें गेल्या. राजे बोलिले, "आई, मीही येतो." त्या बोलिल्या, "तू माल आहेस. पडून राहा."

चौथ्या मजल्यावर चिमाबाई दातीर राहत. त्यांनीं पळी हातांत घेऊनच दार उघडिलें आणि बोलिल्या, "अगंबाई, तुम्हीच का त्या दुसऱ्या मजल्यावरच्या? या, या. सकाळी दार उघडते तो दारात खोकं, आणि त्यावर हे मोठ्ठं 'वर'! म्हटलं, आमच्या सुलूचं लग्न होऊन बारा वर्षं झाली, आणि आता वर पाठवतात! तोही बिस्किटाच्या खोक्यातून! उघडून बघते तो दही. रथसप्तमीचा दिवस, नवे शेजारी, आल्या आल्या दही धाडलं. अजून माणुसकी आहे हो. छान आंबटसर होतं. कढी केली."

खालीं राजे यांस कांहीं ठाऊक नव्हतें, तरी कंबरेंत कळ आली. राणीसाहेब यांनीं राजमातांचा हात धरिला. राजमातांनीं तो सोडविला आणि फार हळू पुसिलें, "सगळ्याची?"

चिमाबाईंची पळी हवेंत थांबली, आणि त्यांचा चेहरा रागानें लाल जाहला. "सगळ्याची कशी करीन? मला काय सासू नव्हती? कुणाचंही दही आलं तरी आधी चमचाभर बाजूला काढायचं, मग तोंडात घालायचं. अकरा वाजता विरजलंय." राजमाता बोलिल्या, "दूध कसलं?" "म्हशीचं." "तापवून निववलं?" "करंगळी बुडवून पाहिली." "किती आकडे मोजलेत?" "दहा." मग राजमाता चिमाबाईंच्या चपलांच्या मांडणीवर मटकन् बसल्या आणि बोलिल्या, "पाणी द्या हो जरा." शत्रूच्या गोटांत आपलाच पंथ निघावा, ऐसा हा प्रकार.

मग राणीसाहेब आनंदानें पातेलें उचलावयास गेल्या, तों दोघी एकदम ओरडल्या, "हलवू नको!" कारण लागतें दही हलविलें असतां मोडतें. ऐसा पेंच पडिला कीं ज्या दिवशीं सर्व राज्य हालविलें, त्याच दिवशीं एक पातेलें हालवितां येईना. आणि ओटा उत्तरेकडचा, माघाची थंडी, दही लागेल कैसें. तेव्हां राजमातांनीं चौफेर पाहिलें आणि दारामागील तें रिकामें बिस्किटांचें खोकें मागविलें. पातेलें खोक्यांत ठेवावें तर हालवावें लागतें, म्हणून खोकेंच उलटें करून टोपीसारखें पातेल्यावर घातलें, आणि आंत चिमाबाईंची शाल आणि राजे यांचे टॉवेल हळूच सारिले. खोकें उलटें होतांच चारही बाण खालीं फिरले, आणि खालीं दुसरा मजला. सकाळपासून प्रथमच त्यांनीं खरी दिशा दाखविली.

मग वाट पाहणें आलें. चूल नाहीं म्हणून चिमाबाईंनीं सर्वांस कढीभात वाढिला, राजमाता खोक्याशेजारीं पाटावर बसून जेवल्या, आणि सरदार व गडी जिन्यांत जेवले. राजे यांस खालीं राणीसाहेब यांनीं भरविलें. राजे भुरका मारून बोलिले, "कढी उत्तम. दही कुणाचं?" राणीसाहेब बोलिल्या, "आपलंच. गिळा." दोन्ही बायांनीं चार वाजेपर्यंत सासवांच्या गोष्टी केल्या, आणि चार वाजल्यावर सुनांच्या केल्या, आणि किल्लेदार दोन वेळां आवाज कसला म्हणून आले व कढी पिऊन गेले.

दिवेलागणीस राजमातांनीं खोकें उचलिलें, पातेलें केंसभर कलतें केलें, आणि दही जागचें हाललें नाहीं. दोघींनीं एकमेकींकडे पाहिलें. मग चमचाभर चिमाबाईंस ठेवून पातेलें राजमातांनीं दोहों हातीं घेतलें आणि जिन्यानें उतरल्या, पुढें सरदार "हुश्शार! दही येतंय!" ऐसें गर्जत चालिले, आणि दुसऱ्या मजल्यावर राजमातांनीं उजवा पाय आंत टाकिला. चूल पेटली, दूध उतूं गेलें, चहा जाहला. मग कोणासी राजे यांची आठवण आली. सरदारांनीं खालीं जाऊन छातीवरची चिठ्ठी सोलून काढिली, तेणेंकरून राजे पुन्हा माणूस जाहले आणि लिफ्टमध्यें बसविले गेले.

पुढें रिकाम्या खोक्यांचा प्रश्न. राणीसाहेब बोलिल्या, "रद्दीवाल्याला बोलावते." राजमाता बोलिल्या, "लागतील." या एका शब्दावर राज्यें टिकतात. मग फाटकीं होतीं तींच रद्दींत दिलीं, आणि चांगल्यांची चिकटपट्टी सोडवून, चपटीं करून, ओल लागूं नये म्हणून पलंगाखालीं फळीवर ठेविलीं, कारण तह अकरा महिन्यांचाच. साबणाच्या आठ खोक्यांचा ग्रंथांसाठीं मांडणी केली, त्यामुळें राजे यांच्या सर्व ग्रंथांस अद्याप लिंबाचा वास येतो. टीव्हीचें खोकें तळ नसल्यामुळें कामाचें राहिलें नाहीं, म्हणून राजे यांनीं तें एकान्तासाठीं स्वतः घेतलें, परंतु दोन दिवसांत किल्लेदारांची मांजर आंत बसली आणि उठेना, सबब तो मुलूख गेला. बिस्किटांचें खोकें मात्र ओट्यावर उलटें राहिलें. थंडीचे दिवसांत त्यांत दही लागतें.

वैशाखांत चिमाबाईंचा तह संपला आणि त्या लेकीच्या गांवीं निघाल्या. तेव्हां पलंगाखालचीं खोकीं त्यांजकडे चढलीं, आणि राजे यांनीं चूक उमजून मजकूर बाजूस लिहिला, जड जिन्नस लहान खोक्यांत भरिले, उचलतांना गुडघे वाकविले, आणि 'वर' हा शब्द कायमचा टाकून त्या जागीं 'ही बाजू आभाळाकडे' ऐसें लिहिलें. सरदार खंडोजींनीं तीं सर्व खोकीं गच्चीवर नेऊन ठेविलीं. विरजण त्यांत नव्हतें. तें राजमातांनीं फिरकीच्या डब्यांत घालून दिलें होतें, आणि चिमाबाईंनीं डबा मांडीवर धरून गाडींत बसल्यावर इतकेंच म्हटलें, "माझ्याकडं तुटलं तर तुमच्याकडं आहे. तुमच्याकडं तुटलं तर माझ्याकडं."

येणेंप्रमाणें हकीकत. तात्पर्य, राज्य हालवावें, लागतें दही हालवूं नये. खोकें टाकूं नये. आणि खोक्यावर काय लिहावें हें एकदां हमालास विचारावें. लेखनसीमा.