धाकटीची परीक्षा

परीक्षा अस्वलांची होती, पण सकाळपासून येरझाऱ्या घालत होते ते रेडिओभाऊ.

"अहो, चहा निवला," बायको म्हणाली. "झाडावर काय तुम्हाला चढायचंय?"

"तिला चढायचंय गं! नाही चढली म्हणजे?"

ती म्हणजे धाकटी. आई मेलेली दोन पिल्लं, थोरला आणि धाकटी, वनखात्याच्या अस्वलांच्या केंद्रात आली, त्याला दीड वर्ष झालं होतं. आज परीक्षा घ्यायला खात्याचे साहेब येणार होते. अनोळखी माणसानं कुंपणाच्या आत जाऊन ओरडायचं. पिल्लं घाबरून झाडावर चढली, तर जंगलात सुटका. माणसाच्या जवळ आली, तर जन्मभर पिंजरा. माणसाला न भिणारं अस्वल खाणं मागायला गावात जातं आणि गोळी खाऊन मरतं, म्हणून हा नियम.

त्यासाठीच पिल्लांना खाऊ घालायला आत जाताना काळा झगा, तोंडावर मुखवटा, अंगाला पिल्लांच्या अंथरुणातलं गवत चोळलेलं आणि तोंडातून एक शब्द नाही. आता हे काम मिळावं कुणाला? तर झोपेतही बडबड करतो म्हणून ज्याला सगळा गाव रेडिओ म्हणतो, त्या माणसाला! बिचाऱ्यानं तेही निभावलं. फक्त मध्ये धाकटीला ताप आला, तिला पाच दिवस कडू औषध पाजायचं होतं. तिचे मिटलेले डोळे बघून भाऊंच्या तोंडाचं कुलूप निघालं. "पी गं माझी बाय! शहाणी ना तू?" असं पाच दिवस चाललं.

"आता माणसाचा आवाज ऐकला की धावत येणार ती. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय!"

"मग सांगून टाका केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना."

"म्हणजे परीक्षेआधीच नापास! पिंजऱ्यात घालतील पोरीला." भाऊ चहा तसाच टाकून निघाले.

केंद्रावर साहेब कुंपणाशी उभे होते. थोरल्यानं समोरचं लाकूड नखांनी टराटरा सोललं, तसे साहेब दोन पावलं मागे आले.

"मला पिल्लं म्हणून सांगितलं होतं!"

"पिल्लंच आहेत साहेब," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही आत जाऊन फक्त ओरडायचं."

"माझा आज घसा बसलाय." साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर गाडीत बसला आणि त्यानं काच वर केली.

डॉक्टरीणबाई वैतागल्या. "भाऊ, तुम्हीच जा. झगा काढा. तुमचा चेहरा त्यांनी पाहिला नाही, आवाज ऐकला नाही. तुमच्याइतकं अनोळखी दुसरं कोण आहे?"

भाऊंनी झगा काढायला जमेल तेवढा वेळ लावला. नाही म्हणायला कारण हवं, आणि कारण तर सांगता येत नव्हतं. अंगाचा वास लपावा म्हणून साहेबांनी आपल्या सेंटची अर्धी बाटली त्यांच्यावर रिकामी केली. तेवढाच त्यांचा हातभार.

भाऊ आत गेले. आवाज बदलून ओरडले, "हुर्रर्र! निघा!" तो आवाज मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा निघाला. थोरला मात्र सरसर झाडावर पोचला. धाकटी तिथंच उभी. तिनं वास घेतला, शिंकली आणि एक पाऊल पुढे आली.

भाऊंनी टाळ्या पिटल्या, पाय आपटले. ती आणखी पुढे.

"ही तर येतेय की!" साहेब बाहेरून म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन टेकवलं. भाऊंना समोर पिंजराच दिसायला लागला. जन्मभराचा. मग कुठलं सोंग आणि कुठलं काय! त्यांना रडूच फुटलं.

"जा गं माझी बाय! शहाणी ना तू?"

धाकटी जागच्या जागी ताठ झाली. मग गर्रकन वळली आणि थेट शेंड्याच्या फांदीवर जाऊन बसली. दोन्ही पंजांनी तोंड घट्ट दाबून.

"वा!" साहेब ओरडले. "माणसाची इतकी दहशत मी उभ्या नोकरीत बघितली नाही. दोघंही पास!"

भाऊंना आनंदानं नाचावंसं वाटलं, आणि वाईटही फार वाटलं. पाच दिवस जीव टाकला, आणि पोरीच्या लेखी आपण कोण, तर औषध! त्यांनी वर बघून हात हलवला. धाकटीनं पंजे आणखी घट्ट दाबले.

बाहेर येताच साहेबांनी त्यांची पाठ थोपटली. "जरब आहे हो तुमच्या आवाजात! पुढच्या महिन्यात दुसऱ्या केंद्रावर चार पिल्लं आहेत. परीक्षा तुम्हीच घ्यायची."

"घेईन की साहेब," भाऊ डोळे पुसत म्हणाले. "फक्त मला पाच दिवस आधी पाठवा. आणि बरोबर कडू औषधाच्या चार बाटल्या द्या."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "औषध? ते कशाला, भाऊ?"