दोनशे किलोमीटर आणि एक पाय

"दोनशे?" मगन पाटलाने चहाचा कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि मोबाइल नाकाशी आणून पुन्हा वाचलं. "अगं, हे दोनशे लिहिलंय! वीस नाही!"

वर्षा पोळी भाजत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "कुठे?"

"मंडळाच्या ग्रुपवर. 'वर्षा मगन पाटील, भेस्तान. प्रकार, धावणे. अंतर, दोनशे किलोमीटर. हार्दिक शुभेच्छा!' खाली पस्तीस जणांनी हात जोडलेत."

सुरतेतल्या भेस्तानच्या खान्देशी मित्रमंडळाने यंदा ऑनलाइन दौड ठेवली होती. मैदान नाही, गर्दी नाही. आपापल्या गल्लीत, आपापल्या वेळेला पळायचं, मोबाइल बरोबर ठेवायचा आणि अंतर त्यानेच मोजायचं. मुदत तीस दिवसांची. साड्यांच्या एका व्यापाऱ्याने कबूल केलं होतं की जो वीस किलोमीटर चालेल, त्याने सुचवलेल्या गरजू माणसाला नवी कुबडी मिळेल आणि जो दोनशे किलोमीटर पळेल, त्याने सुचवलेल्याला कृत्रिम पाय. वर्षाच्या मनात होती ती कुबडी. कोपऱ्यावर इस्त्रीचा ठेला लावणाऱ्या हिलालचा डावा पाय चार वर्षांपूर्वी मिलमध्ये कापडाच्या ट्रॉलीखाली गेला होता. त्याच्या कुबडीचं रबर झिजून ती फरशीवर घसरायला लागली होती. म्हणून वर्षाने लेकीला, धनश्रीला, फॉर्म भरायला सांगितला. धनश्रीने तो कॉलेजला जाता जाता रिक्षात बसून भरला, आणि बोट पडायचं तिथे न पडता खालच्या ओळीवर पडलं.

"सॉरी मम्मी," धनश्री म्हणाली. "रिक्षा खड्ड्यात गेली ना. पण टेन्शन नको लेऊस, कॅन्सल होतं ते."

"करतोच कॅन्सल," म्हणत मगनने मंडळाच्या चेतनला फोन लावला आणि तो लागेपर्यंत हसत सुटला. साधं हसू नव्हतं ते. पोट धरून, टेबलावर थाप मारून, डोळ्यांतून पाणी काढून तो हसला. "दोनशे किलोमीटर! नंदुरबारच्या पुढे जाशील, वर्षा! अगं, गेल्या महिन्यात तू दुधाच्या टेम्पोमागे पळालीस तर दोन दिवस कंबर शेकत होतीस! चेतन? हां, ऐक, ते आमच्या घरचं नाव जरा..."

वर्षाने गॅस बंद केला, पिठाच्या हाताने फोन काढून घेतला आणि म्हणाली, "चेतनभाऊ, नाव बरोबर आहे. दोनशेच." मग फोन नवऱ्याच्या हातात ठेवून तिने पुढची पोळी लाटायला घेतली. मगनचं हसणं तोंडातच राहिलं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला ती साडी वर खोचून, धनश्रीचे बूट घालून नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेच्या रस्त्यावर उतरली. सहाशे मीटर झाले आणि तिला आपलं काळीज कानात ऐकू यायला लागलं. ती थांबली. मोबाइलमधली बाई लगेच हिंदीत ओरडली, "आपकी गति कम हो गई है!" आवाज कसा कमी करायचा ते वर्षाला माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्या रस्त्याला कळलं की पाटीलबाईंची गती कमी झाली आहे. दूध घेऊन जाणाऱ्या शेजारणीने विचारलं, "काय हो, कोण मागे लागलंय?" एक रिक्षावाला बाजूला येऊन म्हणाला, "बेसो ने बेन, स्टेशन जवुं छे?" दोघांनाही उत्तर न देता ती पुन्हा पळायला लागली.

हिलालला हे सगळं तिसऱ्या दिवशी कळलं. वर्षा ठेल्यावरून धापा टाकत गेली तेव्हा त्याने इस्त्री उभी केली आणि हाक मारली, "वहिनी, थांबा. लोक म्हणतात तुम्ही माझ्या पायासाठी पळताय. मी मागितला होता का?"

"नाही," वर्षा म्हणाली.

"मग नका पळू. मला दया नको कुणाची."

"दया कसली? फॉर्म चुकलाय. आता चुकलाय तर चुकलाय." आणि ती निघाली.

अकराव्या दिवसापर्यंत बासष्ट किलोमीटर झाले. टाचांना फोड आले, फुटले, त्यांवर नवे आले. मगन रोज सकाळी विचारायचा, "झालं का समाधान?" ती रोज सांगायची, "नाही."

अकराव्या दिवशी पळणं संपवून ती लोचोच्या, म्हणजे मऊ ढोकळ्यासारख्या सुरती पदार्थाच्या, गाडीवर थांबली. भूक अशी लागली होती की वाफाळता लोचो, वर शेव, कांदा आणि तेल, अशा दोन प्लेटी तिने उभ्याउभ्या संपवल्या. एक घरी बांधून घेतली आणि निघाली. मोबाइल मात्र रिकाम्या प्लेटखाली राहिला, अ‍ॅप चालूच. घरी आल्यावर दहाच्या सुमाराला ते तिच्या लक्षात आलं. ती परत गेली, तर गाडी आवरून लोचोवाला निघून गेला होता. उद्या भेटेल म्हणून ती घरी आली, आंघोळ, स्वयंपाक उरकला आणि दुपारी निवांत डोक्याला तेल लावायला बसली.

दरम्यान मोबाइल स्वस्थ बसला नव्हता. पळणारा माणूस बराच वेळ हलला नाही तर तो पडला असावा, अशी त्या अ‍ॅपची समजूत होती, आणि मग ते घरच्या माणसाला संदेश धाडायचं. घरच्या माणसाचा नंबर म्हणून धनश्रीने आजीचा दिला होता, कारण घरच्यांत एकट्या आजीच पहिल्या रिंगला फोन उचलत. त्या आजी, म्हणजे वर्षाच्या सासूबाई सरलाबाई, दोंडाईच्याला राहत होत्या. सकाळी साडेसातला त्यांच्या फोनवर इंग्रजीत काहीतरी आलं. त्यांनी ते शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला दाखवलं. त्याने गंभीर चेहऱ्याने वाचलं, "वर्षा पडल्या आहेत. हालचाल नाही."

सरलाबाईंनी सुनेला फोन लावला. वाजत राहिला. मुलाला लावला, तर मगनच्या पांडेसऱ्याच्या मिलमध्ये मोबाइल गेटवरच जमा करतात. धनश्रीचा परीक्षेमुळे बंद. तेवढ्यात दुसरा संदेश आला, "अजूनही हालचाल नाही." मग तिसरा, तोच. आठ वाजता सरलाबाईंच्या दारात गल्ली जमली आणि सव्वाआठला अकरा माणसं एका जीपमध्ये कोंबून सुरतेकडे निघाली.

अर्ध्या वाटेत आणखी एक संदेश आला. जीपमधल्या भाच्याने, दीपकने, तो वाचला. "आत्या, हालचाल सुरू झाली."

"शुद्धीवर उनी!" सरलाबाईंनी हात जोडले.

"नाही आत्या. ताशी बेचाळीसच्या वेगाने."

एवढ्या वेगाने माणूस स्वतः जात नाही, त्याला नेतात, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. तासाभराने संदेशातल्या नकाशावरचा ठिपका थांबला. पूर्वी सुरतेत राहिलेल्या ड्रायव्हरने मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "अश्विनीकुमार," तो म्हणाला. "तिथलं स्मशान मोठं आहे."

दुपारी दीडच्या सुमाराला वर्षाच्या दारात जीप उभी राहिली. आतून रडण्याचा असा कल्लोळ उठला की वर्षा केस मोकळे ठेवून तशीच बाहेर धावली. अकरा माणसं उतरत होती, बाया पदर तोंडाला लावून, बाप्ये उपरण्याने डोळे पुसत. मध्ये ठिपक्याचा माग काढून पकडलेला लोचोवाला होता आणि त्याची कॉलर दीपकने धरली होती. सासरचं इतकं माणूस एकाच वेळी रडत आलेलं पाहून वर्षाचं अवसान गेलं. कोण गेलं ते विचारायचंही तिला सुचलं नाही. तिने जीपच्या पुढच्या चाकाशी बसून गळा काढला.

ती रडते म्हणून इतर जास्त रडले. पाचएक मिनिटं असं चाललं. मग सरलाबाईंनी डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि समोर पाहिलं.

"तू... जित्ती शे?"

"मी? हो. कोण गेलं, आई?"

"तू गयी व्हतीस!" सरलाबाई ओरडल्या. "तुनाकरता अकरा मानसं रडत उनात, आन तू डोकाले तेल लाई ऱ्हायनी?"

"साहब, मैं कब से यही बोल रहा हूँ!" लोचोवाला कॉलर सोडवत म्हणाला. "बेन का मोबाइल था। मैं चने की दाल लेने मार्केट गया, शाम को देने ही वाला था। बीच में ये लोग आए, बोले, लाश किधर है!"

संध्याकाळी मगन मिलमधून आला तेव्हा त्याच्या दोन खोल्यांत तेरा माणसं बसली होती आणि वर्षा मधोमध. सगळी हकीकत ऐकून झाल्यावर एका काकांनी निवाडा दिला. "झालं ते पुरे. सुनबाईने उद्यापासून घरात बसायचं." सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यात परत मिळालेला मोबाइल वाजला. चेतनचा होता.

"वर्षाताई, वाईट वाटतं सांगायला," तो म्हणाला. "आज तुमचा वेग ताशी बेचाळीस लागलाय. वाहन वापरलं म्हणून तुमचे बासष्ट किलोमीटर बाद झाले. फोन लोचोवाल्याकडे राहिला होता असं कळलं, त्याचं पत्र लावून बघतो, पण अ‍ॅपमध्ये आमचा हात चालत नाही. हवं तर शून्यापासून सुरू करता येईल. पण उरलेत एकोणीस दिवस. त्यापेक्षा..."

"चला, सुटलो," मगनने मोठा श्वास सोडला. "देवानेच सोडवलं."

वर्षा उठली. तिच्या टाचेचा फोड सकाळीच फुटला होता, ती भिंतीला धरून उभी राहिली. "चेतनभाऊ, शून्य लिहा," ती म्हणाली. "उद्या सकाळी सहाला सुरू करते."

"अगं, रोजचे दहा-अकरा किलोमीटर होतात!" मगन ओरडला.

"मला हिशोब येतो."

दारात कुबडीचा आवाज झाला. गल्लीतला गोंधळ ऐकून हिलाल आला होता. त्याने दारातूनच हात जोडले. "वहिनी, ऐका माझं. माझ्यापायी घरात भांडणं नकोत. मला कुबडीची सवय झालीय. पाय नको मला."

"तुम्हाला कोण विचारतंय?" वर्षा त्याच्यावर उखडली. "बासष्ट किलोमीटर मी पळाले, रद्द माझे झाले, मेले पण मीच. तो पाय आता माझा आहे, हिलालभाऊ. तुम्ही फक्त घालायचा."

काकांनी घसा खाकरला, पण सरलाबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. त्या उठल्या, सुनेजवळ गेल्या, खाली वाकून तिची टाच उचलून पाहिली आणि म्हणाल्या, "बूट ढिला शेत तुना. म्हनीसन फोड येस." मग जीपमधून आलेल्यांकडे वळून, "तुम्ही बठा जा रे घर. मी ऱ्हास आठे. घर मी देखस, ती पयी."

घर सांभाळायला सरलाबाई राहिल्या. पहाटे पाचला सुनेच्या टाचांना कोरफडीचा गर लावून त्या दोन दोन मोजे चढवायच्या आणि तिला दाराबाहेर काढायच्या. सकाळी सहा किलोमीटर, संध्याकाळी पाच. नहरेकडेचे रिक्षावाले आता "बेसो" म्हणायचे थांबले, उलट रस्ता द्यायला लागले. सोळाव्या दिवशी गुडघा सुजला तेव्हा मगन मुकाट्याने फार्मसीतून पट्टा घेऊन आला आणि बांधताना म्हणाला, "थांब म्हटलं तर थांबणार नाहीस ना?" ती नाही म्हणाली. सतराव्या दिवसापासून तो सायकलवर पाण्याची बाटली घेऊन मागून येऊ लागला. मोबाइल मात्र त्याच्याकडे द्यायला तिने साफ नकार दिला. तो ती पोलक्यात ठेवायची, वर सेफ्टीपिन लावून.

तिसाव्या दिवशी सायंकाळी पावणेसातला मोबाइलमधली बाई म्हणाली, "बधाई हो!" वर्षा रस्त्याच्या मधोमध बसली आणि तिला उठवायला तिघं लागले.

दीड महिन्याने मोफत तपासणीच्या शिबिरात हिलालला पाय बसवला. वर्षा बरोबर गेली होती, मगन मिलमध्ये होता. तंत्रज्ञाने पट्टे आवळले आणि म्हणाला, "चला." हिलाल दांडीला धरून उठला, चार पावलं टाकली आणि खाली बसला. कपाळावर घाम आला होता.

"चावतोय," तो म्हणाला. "जड पण आहे. वहिनी, खरं सांगू? कुबडीच बरी होती."

"उठा," वर्षा म्हणाली.

"उद्या बघू की."

"दोनशे आणि बासष्ट, हिलालभाऊ. उठा."

हिलालने तिच्याकडे रागाने पाहिलं. मग दांडी सोडली आणि उठला. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीला त्याने तंत्रज्ञाला हाताने बाजूला व्हायला सांगितलं. चौथ्या फेरीला तो पायऱ्या उतरून फाटकाकडे निघाला. लचकत होता, पण थांबत नव्हता. वर्षा त्याच्या मागे निघाली. तिचा गुडघा अजून पुरता बरा नव्हता आणि फाटकापर्यंतच्या चढावर तिला धाप लागली.

"जरा हळू, हिलालभाऊ!" तिने हाक मारली.

हिलाल रस्त्याच्या कडेपर्यंत पोचला होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"या ना, वहिनी," तो म्हणाला. "मी कुठवर थांबू?"