सातवं कलम लांबणीवर

भटू नानांनी एकदा न्हाव्याच्या खुर्चीतून सभात्याग केला होता. डोक्याची डावी बाजू कापून झाली होती, उजवी बाकी होती. न्हावी म्हणाला, "चाचा, गर्दन सीधी रखो, बात मत करो." झालं. नाना गळ्यातल्या कापडासकट उठले, "सभापती महोदय, मला बोलू दिलं जात नाही, मी निषेध म्हणून सदनाबाहेर जातो," असं म्हणाले आणि सुरतेतल्या बमरोलीच्या भर रस्त्याने चालते झाले. दोन दिवस अर्धं डोकं घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी आपणहून परत गेले आणि उरलेल्या कामकाजासाठी निमूट खुर्चीत बसले.

नानांच्या लेखी समोरचा प्रत्येक माणूस सभापती असतो. भाजीवाली, रिक्षावाला, सुई टोचणारी नर्स, सगळे सभापती महोदय. आमच्या दारावर टकटक करून ते "आत येण्याची अनुमती असावी" म्हणतात आणि अनुमती मिळायच्या आधीच आत येऊन बसतात. माझी मुलगी सुरतेतच जन्मलेली, ती हसून मला गुजरातीत सांगते, "पप्पा, आ काका तो जबरा छे." मी हसत नाही. मी आमच्या रहिवासी मंडळाचा सेक्रेटरी आहे आणि माणूस नीटनेटका आहे. नानांशी माझी गाठ दर रविवारच्या बैठकीत पडते, त्यामुळे हसण्याचं काम मी इतरांवर सोपवलं आहे.

नाना मूळचे अमळनेरकडचे. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूलबाळ नाही. तरुणपणी सुरतेला आले आणि जन्मभर लूमवर कापड विणलं. गुडघे गेल्यावर काम सुटलं, मग त्यांनी एक जुना टीव्ही मिळवला. लोक त्यावर मालिका बघतात, क्रिकेट बघतात. नाना संसद बघतात. सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, खिशाला दोन पेनं लावून टीव्हीसमोर बसतात. दोन्ही पेनं चालत नाहीत, पण रिकाम्या खिशाने सदनात बसणं त्यांना बरं वाटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या इमारतींमध्ये तापाची साथ आली. घरटी एक माणूस आडवा झाला. साथ ओसरल्यावर अध्यक्ष रघुनाथ अण्णांनी मला सांगितलं की मंडळाचा स्वतःचा एक आरोग्य कायदा करू. अण्णांची पिठाची गिरणी आहे, त्यांचा शब्द सगळे मानतात. मी तीन संध्याकाळी बसून सुवाच्य अक्षरात अकरा कलमं लिहिली. पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवावं, जिन्यात थुंकू नये, चाळिशीपुढच्या माणसाने महिन्याला रक्तदाब तपासावा, अशी साधी कलमं. मला वाटलं, दहा मिनिटांत मंजूर होईल.

पण नेमक्या त्याच दिवसांत टीव्हीवर कुठल्याशा आरोग्य कायद्यावरून रण माजलं होतं. कायदा तर झाला होता, पण त्यातली काही कलमं आत्ताच लागू करायची की पुढे ढकलायची, यावर दोन्ही बाजू घसा फोडून भांडत होत्या. नानांनी ते सगळं सकाळ-संध्याकाळ पाहिलं. त्यातून त्यांना आयुष्यातला एक मोठा शोध लागला. कायद्याला विरोध करायची गरजच नसते. कायद्याला हो म्हणायचं आणि कलम लांबणीवर टाकायचं.

पहिल्याच बैठकीत ते उठले. "सभापती महोदय, मी या कायद्याचं हृदयापासून स्वागत करतो आणि त्याची कलमं लांबणीवर टाकावीत अशी सूचना मांडतो."

"कोणती कलमं?" अण्णांनी विचारलं.

"ते चर्चेतून ठरेल," नाना म्हणाले.

चर्चा झाली. थुंकण्याच्या कलमावर मतदान घेतलं, तर परभणीच्या गोविंदरावांच्या तोंडात तंबाखू. ते नुसती मान हलवायला लागले. नाना म्हणाले, मत तोंडी पाहिजे, मान मोजता येत नाही. गोविंदराव घाईघाईने बाहेर गेले, जिन्यात थुंकले आणि धावत परत येऊन म्हणाले, "हां, आता विचारा की. कशाला हो म्हनायचंय?" मी त्यांना कलम मोडल्याबद्दल बोलणार, तेवढ्यात नानांनी मला थांबवलं. कलम अजून लागू झालेलं नाही, तेव्हा गुन्हा घडलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. गोविंदराव त्या दिवसापासून नानांच्या पक्षात गेले.

साखरेच्या रुग्णांना कोणी घारी, म्हणजे ती तुपाने थबथबलेली सुरती मिठाई, देऊ नये, असं एक कलम होतं. आता चांदी पडव्याला, म्हणजे कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, घारी खाल्ली नाही तर सुरतेत राहून उपयोग काय? नानांनी ते कलम तत्काळ लागू करायला पाठिंबा दिला, फक्त चांदी पडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून. या एका सूचनेवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. मीही हात वर केला, कारण माझी साखर थोडी वरच असते.

एका बैठकीत तर कहर झाला. नानांनी सभात्याग केला आणि जाताना जन्माच्या सवयीने मंडळाच्या खोलीला बाहेरून कुलूप लावलं. आम्ही आठ माणसं आत. नाना समोरच्या टपरीवर चहा पीत बसले. अण्णांनी खिडकीतून हाका मारल्या, तर नाना तिथूनच म्हणाले, "सदनाबाहेरच्या सदस्याशी सदनातून बोलता येत नाही." पाऊण तासाने त्यांचा निषेध संपला, तेव्हा आमची सुटका झाली.

ही कुलपाची सवय कुठली, ते सांगायला हवं, कारण त्यातच पंडित अप्पा येतात. पंडित अप्पा म्हणजे नानांचे खोलीतले जोडीदार. दोघं एकाच कारखान्यात, एकाच लूमवर, एक दिवसपाळीला आणि एक रातपाळीला. खोली एक, खाट एक आणि चावीही एकच. सकाळी सातला नाना खोलीला कुलूप लावून कारखान्यात जायचे, लूमपाशी पंडित अप्पांच्या हातात चावी द्यायचे आणि लूम ताब्यात घ्यायचे. पंडित अप्पा येऊन त्याच खाटेवर झोपायचे. संध्याकाळी सातला तेच उलट. हे वीस वर्षांहून जास्त चाललं. लूमच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही, म्हणून त्या मिनिटभरात जे सांगायचं ते हाताच्या खुणेने. धागा तुटतोय. डाळ झाकून ठेवली आहे. गावाहून फोन होता. सुट्टीच्या दिवशी दोघं कपडे धुऊन झोपून जायचे.

दोन वर्षांपूर्वी पंडित अप्पांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं इतकं मंदावलं की एक वाक्य पुरं व्हायला चहा निवून जातो. तेव्हापासून त्यांचं खाणंपिणं, अंघोळ, औषध सगळं नाना करतात. सुरत हे आमच्याकडे कामाचं गाव आहे. माणूस खाटेला खिळला की त्याला गाडीत बसवून गावी पोचवायचं, अशी आमची रीतच आहे. मी ती रीत कायद्यात घातली. माझ्या आरोग्य कायद्याचं सातवं कलम असं होतं की जो रहिवासी आजारपणामुळे स्वतःचं करू शकत नाही, त्याला मंडळाने त्याच्या गावी, आपल्या माणसांत पोचवावं. पंडित अप्पांचा भाऊ पारोळ्याकडे असतो, माणूस सज्जन आहे. मी फोन केला तेव्हा "कव्हय बी धाडा, मना भाऊ शे," म्हणजे केव्हाही पाठवा, असंच तो म्हणाला. मी हे कलम चांगल्या मनाने लिहिलं होतं, हे मला इथे नोंदवायचं आहे.

इतर कलमांवर नाना खेळले. सातव्यावर लढले. पहिल्या खेपेला म्हणाले, "आपला मानसं म्हंजे कोन? लिखेल शे का कोठे?" मी पुढच्या बैठकीला व्याख्या लिहून आणली. तेव्हा त्यांनी नवापूर स्टेशनचा मुद्दा काढला. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. गाडी तिथे उभी राहिली, इंजिन महाराष्ट्रात, शेवटचा डबा गुजरातेत आणि पेशंट मधल्या डब्यात, तर सुरतेच्या मंडळाचा कायदा त्याला लागू की नाही? यावर दीड तास चर्चा झाली. मीसुद्धा पाटीवर गाडी काढून दाखवली, याची मला आज लाज वाटते. कलम महिनाभर पुढे गेलं. मग गाडी रद्द, जीपने नेऊ असं ठरलं, तर नानांनी कामरेजला रस्त्याचं काम चालू असल्याचं सांगितलं. पारोळ्याला जायला कामरेज लागतच नाही, हे आमच्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

मला वाटायचं, या माणसाला नुसती वादाची खाज आहे. आजारी माणूस चार भिंतींत पडून आहे, त्याला भावजयीच्या हातची भाकरी मिळेल, अंगणात ऊन मिळेल, आणि हा सभापती महोदय करत बसला आहे. मी अण्णांना तसं बोलून दाखवलं. अण्णाही कंटाळले होते. शेवटी त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी सातवं कलम लागू होणार. पंडित अप्पांचा भाऊ मंगळवारी जीप घेऊन येणार होता.

त्या रविवारी नाना एकटे आले नाहीत. त्यांनी आणि गोविंदरावांनी पंडित अप्पांना खुर्चीत बसवून उचलून आणलं. नानांनी त्यांची दाढी केली होती, भांग पाडला होता. अण्णांनी बैठक सुरू केली आणि नाना उभे राहिले. आम्ही सगळे मनातल्या मनात तास-दोन तासांची तयारी करून बसलो.

"सभापती महोदय," नाना म्हणाले. खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "कलम पुढे ढकला."

"नाना, आते बस व्हयनं," अण्णा समजुतीने म्हणाले. "कितला दिन ढकलूत?"

"थोडा दिन."

"थोडा म्हंजे कितला?"

नानांनी खाली वाकून पंडित अप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं.   

तेवढ्यात पंडित अप्पांनी डावा हात वर केला. त्यांना बोलायचं होतं. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पाच महिने आम्ही या माणसाबद्दल बोलत होतो, त्याच्या भावाला विचारलं, डॉक्टरला विचारलं, जीपवाल्याला विचारलं. त्याला मात्र कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. 

पंडित अप्पांनी अण्णांकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, परत हलले. एकेक शब्द तोंडात जुळवायला त्यांना वेळ लागत होता. मधे गोविंदराव मदतीला म्हणून काही सुचवायला गेले, तर नानांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

"मी... गऊ... ते..."

आम्ही थांबलो. बाहेर कोणाचा तरी टेम्पो आला आणि गेला.

"भटू..." पंडित अप्पांच्या कपाळावर घाम आला होता. "भटू... कोनासंगे... बोलई?"

आपण गेल्यावर भटू बोलणार कोणाशी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. वीस वर्षं मिनिटभराच्या खुणांवर राहिलेली ती दोन माणसं आता कुठे दिवसाउजेडी एका खोलीत एकत्र होती. आम्हाला वाटत होतं, नाना पंडित अप्पांना धरून बसलेत. खुर्चीतला तो लुळा माणूस नानांना सांभाळायला सुरतेत थांबला होता.

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मी कायद्याचा कागद घडी करून खिशात ठेवला. मंगळवारची जीप नको म्हणून पारोळ्याला फोन मीच करतो, असं मी म्हणालो. त्यावर कोणी मतदान मागितलं नाही.

 नाना खाली जमिनीवर, पंडित अप्पांच्या खुर्चीपाशी बसले. पंडित अप्पांचा उजवा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला आणि डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे एकेक बोट चोळायला लागले. अंगठ्यापासून सुरुवात केली. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो. पाचही बोटं होईपर्यंत कोणी उठलं नाही.