म्हणवतात फडणीस

मधुकाका फडणीसांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा 'बसा' म्हणायच्या आधी त्यांनी विचारलं, "मूळचे कोण?"

मी म्हटलं, कुलकर्णी.

"ते म्हणवता. कुलकर्णीपण हे काम झालं. आडनाव काय? आम्ही म्हणवतो फडणीस, मूळचे जोशी."

बँकेने मला नुकतंच कोलकात्यात आणून टाकलं होतं. जागा शोधायची सोडून मी साताऱ्याच्या चुलत्यांना फोन लावला. आम्ही मूळचे काळे निघालो. मग काकांनी शेजारचाच फ्लॅट मिळवून दिला.

काका गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त होऊन बागबाजारात राहिले. मराठ्यांच्या धास्तीने या शहराने जिथे खंदक खणायला घेतला, तिथेच आपण फ्लॅट घेतला, याचा त्यांना भारी आनंद. मासेवाल्यालाही ते मूळ विचारत आणि घेत मात्र शेजारच्याकडची भाजी. खालच्या मुखर्जीदांना एकदा विचारलं, तर ते पूर्व बंगालातल्या गावापासून जे सुरू झाले ते जेवणवेळ टळली तरी थांबेनात. शेवटी सुनंदाकाकूंनी दोघांचीही ताटं वाढली. काकू होत्या तोवर अशा वेळा सांभाळल्या जात.

काकू गेल्यावर वर्षभराने त्यांच्या मुलीने, मंजिरीने, माँट्रियलहून कळवलं, की ती लुक नावाच्या मुलाशी लग्न करते आहे. आम्हाला वाटलं, आता घरात वादळ होणार. काकांनी एवढंच विचारलं, मूळचे कोण? लुकने कळवलं, पूर्वज फ्रान्सहून शिपाई म्हणून कॅनडात आला. आडनाव गोतिए, पण पलटणीत सगळे लाफ्लर, म्हणजे फूल, म्हणायचे. तेव्हापासून घराणं लिहितं 'गोतिए दी लाफ्लर'. यातल्या 'दी'चा अर्थ 'म्हणवतात'.

काका कागद घेऊन माझ्याकडे आले. "मूळचे गोतिए, म्हणवतात लाफ्लर. अहो, ही तर आपलीच माणसं."

सत्तरीत हा माणूस फ्रेंच शिकला. तिकडच्या चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी संगणकावर वाचत, लुकलाही माहीत नसलेले पणजोबा शोधत शिपायापर्यंत जाऊन पोचला. मला त्यांचं फार कौतुक वाटे. ऑफिसातून थकून यावं, तर हे दारातच मला दोनशे वर्षांपूर्वीच्या बारशाला घेऊन जात.

मग एक दिवस ते कागद न घेताच आले. म्हणाले, तिकडे बाई जन्मली त्याच नावाने पुरली जाते. लग्न झालं तरी नोंदीत नाव माहेरचंच. आमच्या नऊ पिढ्या मला पाठ आहेत, पण त्यात एकाही बाईचं माहेरचं नाव नाही.

यंदा मंजिरीला मुलगी झाली. लुकच्या घराण्यात मुलीला तीन नावं. पहिलं सगळ्याच मुलींचं, मारी. दुसरं धर्ममातेचं, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाची जबाबदारी घेणाऱ्या बाईचं. तिसरं हाक मारायचं, ते काकांनी ठेवावं असं ठरलं. मंजिरीला आईचं नाव हवं होतं. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ. मुखर्जीदा संदेश मिठाई घेऊन आले, माझ्या बायकोने फोन पातेल्याला टेकवून उभा केला, आणि काकांनी ताटात तांदूळ पसरले. करंगळीतली लग्नातली अंगठी काढली आणि तिच्या कडेने तांदळात सावकाश लिहिलं: द्वारका.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. फोनमधून मंजिरी म्हणाली, "बाबा, द्वारका कोण?"

"तुझी आई."

"आईचं नाव सुनंदा ना? मामा तर अक्काच म्हणायचा."

काकांनी ताट फोनसमोर धरलं. तांदूळ हलू दिले नाहीत.

"सुनंदा मी लिहिलं. असंच ताटात, याच अंगठीने. तिला कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही." त्यांनी ताट खाली ठेवून अंगठी परत करंगळीत घातली. म्हणाले, "सुनंदा आम्ही म्हणवलं गं. मूळची ती द्वारका."