मधला आधार

स्वयंपाकघरातली लांब फळी मधोमध वाकलीय, असं बायको कधीपासून सांगत होती. नवरा दाद देत नव्हता. इमारतींचे खांब आणि तुळया किती भार सोसतील, याचा हिशेब करणं हा त्याचा धंदाच. शिवाय फळी त्यानेच बसवलेली. शेवटी असा खटका उडाला की दोघांचं बोलणंच बंद झालं. निरोप सासूबाईंमार्फत जाऊ लागले.

"आई, त्याला सांगा, चहा निवतोय."

"आई, तिला सांग, मला दिसतोय."

रविवारी बायकोने परस्पर सुताराला बोलावलं. तो यायच्या आतच फळी कर्रर्र करून कण्हली. वर काचेचा अख्खा डिनर सेट! नवरा धावला आणि त्याने दोन्ही हातांनी फळी उचलून धरली. बायकोने एक बशी काढायला हात घातला, तर सगळी चळत खणखणत पुढे सरकली.

"हात लावू नकोस!" तो ओरडला. अबोला तिथेच संपला.

पण गडी उंच आणि काडीसारखा. थोड्याच वेळात त्याचे पाय लटपटायला लागले, कंबर एका बाजूला निघाली.

"अरे, सरळ उभा राहा ना!"

"कसा राहू? उंच, सडपातळ खांब दाबाने चिरडला जात नाही गं, मधूनच बाजूला झुकतो. मध्ये आधार दे. मग तोच खांब चौपट भार घेतो."

"मध्ये म्हणजे कुठे?"

"कमरेत! धर घट्ट!"

तिने दोन्ही हातांनी कंबर कवटाळली, गाल त्याच्या पाठीला टेकवला. खांब खरंच सरळ झाला. नेमक्या तेव्हाच सासूबाई दारात आल्या, "अगंबाई!" म्हणाल्या आणि दार ओढून घेऊन लगबगीने परत फिरल्या. फळीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

बाहेर बेल वाजली. "फळी दुरुस्त करायचीय ना?" सुताराचा आवाज आला.

"उद्या या," सासूबाई म्हणाल्या.

"अहो, पण पडेल ती!"

"पडू दे. महत्प्रयासाने दोघं जवळ आलीयेत, तुम्ही कुठे मध्ये ठोकाठोकी करताय?"

"आई, त्यांना आत पाठव!" नवरा कळवळून ओरडला.

"लाजू नका रे, मी कोणाला आत सोडत नाही!"

बायकोला हसू आवरेना. तिच्या हसण्याने तोही हलायला लागला, आणि त्यात त्याला दणदणीत शिंक आली. दोन्ही हात सुटले. दोघांनी डोळे गच्च मिटले.

काहीच झालं नाही. त्याने एक डोळा उघडला. फळी होती तिथेच होती, वाकलेली, पण निवांत. एक कपसुद्धा हलला नव्हता.

त्याने विजयाने तोंड उघडलं. मग कमरेभोवतीचे हात अजून तसेच आहेत, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तोंड मिटलं आणि हळूच दोन्ही हात पुन्हा फळीला लावले.

"थोडक्यात वाचली," तो म्हणाला. "सोडू नकोस हं."

"नाही सोडत," ती वर फळीकडे बघत म्हणाली. "तू फक्त हलू नकोस."